गाड्यांनाच बोली लावू द्या : औषधांची डिलिव्हरी आणि मल्टि-एजंट पद्धत

दुकानांना माल पोचवायच्या सकाळच्या फेऱ्या आखायला एजंट-बिजंट (म्हणजे आपापसांत बोलून कामं वाटून घेणारे छोटे प्रोग्रॅम) काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. रात्रीपर्यंत आलेल्या ऑर्डरी, ओळखीची दुकानं, ठरलेल्या गाड्या, सगळं हातात असतं. गूगलचं ओआर-टूल्स हे मार्ग काढून देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात कुठून कुठं किती मिनिटं लागतात त्याचा तक्ता, गाड्या आणि दुकानांच्या वेळा घातल्या की चांगल्यापैकी मार्ग निघतो. ज्यांचं काम एवढ्यावर भागतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमचं भागत नाही. मी बेळगावात औषधांच्या होलसेलमध्ये डिस्पॅच बघते. चार बाईक, दोन व्हॅन. शहर, येळ्ळूर-हिंडलग्याचा पट्टा, खानापूर तालुका आणि हद्दीपलीकडं शिनोळी-चंदगड. साडेदहाला गाड्या सुटतात आणि अकराला फोन सुरू होतात. वडगावच्या केमिस्टला इन्सुलिन संपल्याचं आत्ता दिसलेलं असतं, हॉस्पिटलमधल्या दुकानाला अर्ध्या तासात सलाईन पाहिजे असतं, टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलेलं असतं, आणि एक व्हॅन जांबोटीच्या पुढं नेटवर्कबाहेर गेलेली असते. सकाळचा कागद तिथं संपतो. एजंटांचं काम सुरू होतं ते इथून.

'मग दर पंधरा मिनिटांनी सगळा मार्ग नव्यानं काढा की' असं कॉम्प्युटरवाले सुचवतात. काढता येतो. पण नव्यानं काढला की सगळ्यांचेच मार्ग हलतात. डिलिव्हरीच्या ज्या पोराचा त्या नव्या ऑर्डरीशी संबंध नाही त्याच्याही फोनवर यादी बदलते, आणि चारदा बदलली की तो यादी बघायचंच सोडतो. शिवाय अचूक उत्तराचा हट्टही परवडत नाही. डँझिग आणि रॅम्सर या संशोधकांनी १९५९ मध्ये हा प्रश्न गणितात मांडला तो पेट्रोलच्या डेपोतून पंपांवर जाणाऱ्या ट्रकांसाठी. तेव्हापासून तो अवघड म्हणूनच ओळखला जातो. एकाच गाडीनं १२ दुकानं करायची तर क्रम लावायचे प्रकार होतात ४७,९०,०१,६००. आणखी दोन दुकानं वाढली की त्याच्या १८२ पट. मल्टि-एजंट पद्धत अचूकपणाचा दावाच करत नाही. जिथं गडबड झाली तिथलं तेवढं सोडवायचं, बाकीच्यांना त्रास द्यायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं.

एजंट म्हणजे प्रोग्रॅमचा एक स्वतंत्र तुकडा. त्याला स्वतःपुरती माहिती असते, स्वतःचं हित कळतं, आणि दुसऱ्या तुकड्यांशी तो निरोपानं बोलतो. पहिला निर्णय : कोण एजंट आणि कोण नाही. उत्साहात प्रत्येक दुकान, प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक चौक एजंट करू नका. आमच्याकडं तीन जाती पुरतात. प्रत्येक गाडीचा एक एजंट. ऑर्डर पुकारणारा एक, त्याला मी पुकाऱ्या म्हणते. आणि रस्त्यांची खबर ठेवणारा एक, जो बोली लावत नाही, फक्त विचारलं की सांगतो. दुकान ही नुसती माहिती : ठिकाण, उघडं कधी, जेवायला बंद कधी, माल द्यायला किती मिनिटं जातात.

गाडीच्या एजंटाला काय ठाऊक पाहिजे ते तुमच्या धंद्यावर ठरतं, आणि इथं घाई करू नका. सिमेंटवाल्याला वजन महत्त्वाचं. औषधं हलकी, आमची गाडी वजनानं कधी भरत नाही, वेळेनं भरते. म्हणून आमच्या एजंटाजवळ चार गोष्टी असतात : आत्ता कुठं आहे, पुढची दुकानं कुठल्या क्रमानं, पोराची सुट्टी किती वाजता, आणि थंड डबा. इन्सुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंशांत राहायला लागतात, गोठूनही चालत नाहीत. त्यामुळं डबा भरल्यापासून किती वेळ झाला हे एजंट मोजत असतो. नव्या दुकानामुळं थंड माल पोचायला डब्याच्या मुदतीपेक्षा उशीर होणार असेल तर त्यानं बोलीच लावायची नाही. जास्त आकडा टाकायचा नाही, सरळ गप्प बसायचं. जे चालणारच नाही ते आधी गाळायचं आणि उरलेल्यांचाच हिशेब करायचा. या दोन गोष्टींची भेसळ झाली की कधीतरी 'महाग पण चालेल' म्हणून गरम इन्सुलिन दुकानात पोचतं.

बोलीची रीत जुनी आहे. कॉम्प्युटर संशोधक रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये कॉन्ट्रॅक्ट नेट नावानं ती मांडली, आणि आजही सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. पुकाऱ्या काम जाहीर करतो, ज्याला जमतं तो बोली लावतो, सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम मिळतं, आणि तो 'घेतलं' म्हणून कळवतो. एपीएमसीतल्या सौद्यासारखंच, फक्त उलटं : इथं कमी बोलणारा जिंकतो.

नवी ऑर्डर आली की
– बिल तयार आहे का बघा. नसेल तर थांबा
– सगळ्या गाड्यांना पुकारा : दुकान, माल, थंड की साधा, कधीपर्यंत
– २० सेकंद बोल्या घ्या. नंतर आलेली बोली नको
– सर्वांत कमी बोलीला काम द्या
– पोरानं २ मिनिटांत 'घेतलं' दाबलं नाही तर दुसऱ्या बोलीला द्या
– एकही बोली नाही आली तर माझ्या स्क्रीनवर लाल करा

शेवटची ओळ गाळू नका. कुणालाच न जमणारं काम माणसापुढं यायलाच पाहिजे, नाहीतर ते पुकारत-पुकारत संध्याकाळ करतं.

आता बोलीचा आकडा. 'दुकानापासून मी किती लांब' हा तो आकडा नव्हे. 'हे काम घेतलं तर माझी फेरी किती मिनिटांनी वाढेल' हा आकडा. एक हिशेब करून दाखवते, मिनिटं समजायला सोयीची धरली आहेत.

दुपारचे १२ वाजलेत. पिरनवाडीच्या दुकानाला दोनच्या आत इन्सुलिन पाहिजे. पहिली बाईक ऑफिसातून सुटायच्या बेतात आहे. तिची फेरी ऑफिस, शहापूर, वडगाव, येळ्ळूर, परत ऑफिस. दुसरी बाईक हिंडलग्यात, सुळग्याचं एक दुकान करून परतणार. व्हॅन खानापुरात, सगळं उरकून परत निघालेली.

पहिल्या बाईकचा एजंट पिरनवाडी आपल्या फेरीत जागोजागी घालून बघतो. अगदी सुरुवातीला घातलं तर : ऑफिस ते पिरनवाडी २५, पिरनवाडी ते शहापूर २०, त्यातून ऑफिस ते शहापूरची वाचलेली १० वजा, माल द्यायची ५ अधिक, एकूण ४०. वडगाव आणि येळ्ळूरच्या मध्ये घातलं तर २० अधिक २० वजा १५ अधिक ५, म्हणजे ३०. येळ्ळूरनंतर घातलं तर येळ्ळूर ते पिरनवाडी २०, तिथून ऑफिस २५, येळ्ळूर ते ऑफिसची २५ वजा, अधिक ५ : एकूण २५. एक-दहाच्या सुमाराला पोचतो, दोनच्या आत आहे, आणि कुठलंच जुनं दुकान मागं ढकललं जात नाही. त्याची बोली २५.

व्हॅन तर पिरनवाडीच्या दारावरूनच येणार, मग तिची बोली जवळजवळ शून्य नको का? नको. इन्सुलिन ऑफिसातल्या फ्रिजमध्ये आहे, व्हॅनमध्ये नाही. व्हॅनला ऑफिसात येऊन, माल घेऊन, उलटं पिरनवाडीला जाऊन परत यायचं आहे : २५ अधिक २५ अधिक ५, म्हणजे ५५. दुसऱ्या बाईकचंही तेच. नकाशावर गाड्यांचे ठिपके बघून 'ही जवळ आहे, हिला द्या' म्हणणारे इथंच फसतात. काम म्हणजे नेहमी दोन टोकं : माल कुठून उचलायचा आणि कुठं टाकायचा. एजंटाला दोन्ही टोकं द्या.

दोन टोकांचा फायदा पंक्चरच्या दिवशी कळतो. बाईक बसली की तिचा एजंट आपली सगळी उरलेली कामं पुन्हा पुकारायला देतो, फक्त उचलायचं ठिकाण बदलून : ऑफिसाऐवजी जिथं बाईक बसली ती जागा. बाकी काही वेगळं लिहायला लागत नाही.

उशिराचा दंड बोलीत मिळवा, आणि तो नव्या दुकानापुरता नको. नवं दुकान मध्ये घुसवलं की पुढचे सगळे मागं सरकतात. त्यांच्या उशिराचीही मिनिटं मोजा. हॉस्पिटलातल्या दुकानाचं एक मिनिट साध्या दुकानाच्या पाच मिनिटांएवढं धरा, किंवा तुम्हाला योग्य वाटेल तेवढं. हा आकडा मालकानं ठरवायचा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं नाही, कारण कुणाला ताटकळत ठेवायचं हा धंद्याचा निर्णय आहे.

एकेक ऑर्डर आली तशी पुकारत गेलं की दुसरी अडचण येते. पाच मिनिटांपूर्वी शहापूरला बाईक गेली आणि आता वडगावची ऑर्डर आली. म्हणून ऑर्डरींच्या दोन रांगा करा. तातडीची लगेच पुकारायची. साधी वीस मिनिटं साठवायची आणि एकत्र पुकारायची, म्हणजे शेजारशेजारच्या ऑर्डरी एकाच पिशवीत जातात. एकत्र पुकारताना एजंटांना जोडीवर बोली लावायची मुभा द्या : 'वडगाव एकटं २०, पण वडगाव आणि येळ्ळूर दोन्ही मिळून २८.' मिनिटं खरी वाचतात ती इथं. वाटप झाल्यावर एक अदलाबदलीची फेरी : प्रत्येक एजंट आपलं सगळ्यात महाग पडणारं दुकान दुसऱ्यांना विचारतो, दोघांची मिळून मिनिटं कमी होत असतील तर देतो. पण हे गाड्या सुटायच्या आधीच. माल पिशवीत जाऊन बाईक गेटबाहेर पडली की अदलाबदल बंद, नाहीतर दोन पोरं काँग्रेस रोडवर एकमेकांना शोधत उभी राहतात.

रस्त्याच्या एजंटाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात निम्मं शहाणपण त्याच्यातच आहे. अंतरांचा तक्ता ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून ओएसआरएम नावाचा प्रोग्रॅम फुकट काढून देतो. शहराच्या मोठ्या रस्त्यांना तो तक्ता बरा आहे. खानापूर तालुक्याच्या आतल्या रस्त्यांवर तो फारच आशावादी असतो. तिथं व्हॅनवाल्या मामांनी सांगितलेली मिनिटं खरी. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन तक्ते ठेवा. गणपत गल्ली सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला हे दोन वेगळे रस्ते आहेत. पावसाळ्याचा चौथा.

खबरेला मुदत लावा. 'दुसरं गेट पडलंय' ही खबर दहा मिनिटांनी आपोआप मेली पाहिजे. जांबोटीच्या वाटेवर कुसमळीच्या पुलाशी रस्ता बंद असेल तर खानापूरवरून फिरून जावं लागतं. ती खबर कुणीतरी 'उघडला' म्हणेपर्यंत जिवंत राहिली पाहिजे. मुदत न लावता सगळ्या खबरा साठवल्या तर आठवड्याभरात तुमच्या प्रोग्रॅमच्या लेखी अख्खं बेळगाव बंद होतं. गल्लीतल्या खबरा पोरंच देतात, तेही बोलून. परवाच एकाचा फोन : "अक्का, गल्लीत मांडव घातलेत, गाडी आत जात नाही. पलीकडनं चालत जाऊलोय." म्हटलं, "जा की, डबा उन्हात ठेवू नको तेवढा." आणि त्या गल्लीला दिवसभरासाठी सात मिनिटं वाढवून टाकली.

नेटवर्कचं काय? कणकुंबीच्या बाजूला फोन लागेलच असं नाही. म्हणून गाडीचा एजंट फोनमध्ये ठेवू नका, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवा. फोननं फक्त तीन निरोप पाठवायचे : पोचलो, दिलं, निघालो. नेटवर्क नसेल तर फोनमध्येच साठवून मिळेल तेव्हा पाठवायचे, पण घडल्याची वेळ त्याच्यासोबत. अर्धा तास निरोप नाही आला तर एजंटानं नवी बोली लावायची नाही. मात्र त्याच्याकडची जुनी कामंही काढून घ्यायची नाहीत. काढलीत तर एकाच दुकानात तोच माल दोघं घेऊन जातात, आणि एक्सपायरी रिटर्नचा ढीग कमी म्हणून त्यात ही भर.

चंदगड आणि शिनोळीचा माल महाराष्ट्रात जातो, म्हणजे बिलावर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा जीएसटी), आणि मालाची किंमत ५० हजारांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद. हे गाडीच्या एजंटाला शिकवू नका. कागद पुरे नसलेली ऑर्डर पुकाऱ्यानं पुकारायचीच नाही, म्हणून तर वरच्या यादीत बिलाची ओळ पहिली आहे. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, त्यामुळं त्या मालाचं वाटप झाल्यावर गाडी बदलली तर कागदही बदलायला लागतो. आम्ही हद्दीपलीकडची कामं अदलाबदलीतून वगळूनच टाकली आहेत.

आता माणसं. नुसत्या मिनिटांवर सोडलं तर मधल्या भागातली बाईक प्रत्येक बोली जिंकते आणि एकच पोरगा दमून जातो. बोलीत आजच्या कामाचा भार मिळवा : इतरांपेक्षा जेवढी दुकानं जास्त झाली तेवढी दोन-दोन मिनिटं. पोरांना दुकानामागं पैसे मिळत असतील तर उलटी तक्रार येते, की काम मलाच का कमी. तेव्हा हा भाराचा आकडा पोरांना समोर बसवून ठरवा. तो ऑफिसात बसून ठरवला तर बाकी सगळं बरोबर असूनही पद्धत चालणार नाही.

'नाही' म्हणायचं बटण द्या आणि सोबत कारण मागा. एकदा व्हॅनला संध्याकाळी एका वाडीचं काम गेलं आणि मामांनी नाही दाबलं. विचारलं तर म्हणाले, "अंधारात तिथनं गाडी वळवाय जागाच न्हाई." हे कुठल्या नकाशात सापडणार? ते वाक्य त्यांच्या एजंटात नियम म्हणून गेलं : ती वाडी, सहानंतर, व्हॅननं नाही. पोरांच्या नकारांतून असे नियम साठत गेले की एजंट हळूहळू त्या-त्या माणसासारखा वागायला लागतो.

अवजारांबद्दल फार बोलत नाही. एजंट लिहायच्या तयार चौकटी मिळतात : जेड ही जावा भाषेतली जुनी आणि भक्कम, स्पेड पायथन भाषेतली. दोन्हींत एजंटांचे निरोप पाठवायची सोय तयार असते. पण पाच-सहा गाड्यांना पायथनची एक फाईल पुरते : गाडीचा क्लास, पुकाऱ्याचा क्लास, रस्त्याचा क्लास. आधी ते करा. गाड्या वेगवेगळ्या शहरांतल्या गोदामांत विभागल्या की मग तयार चौकटीकडं वळा.

हल्ली एजंट म्हटलं की लोकांना चॅटबॉटवालं एआय आठवतं. त्याचा उपयोग एका जागी आहे : ऑर्डर वाचायला. आमच्या व्हॉट्सॲपवर अर्धी मराठी, अर्धी कन्नड आणि औषधांची नावं इंग्रजी स्पेलिंगच्या चुकांसकट अशा ऑर्डरी येतात, काही बोलून पाठवलेल्या. त्यातून दुकान, औषध, नग काढून द्यायचं काम भाषेचं मॉडेल बरं करतं, आणि तरीही बिल करणारा माणूस एकदा डोळ्यांखालून घालतोच, कारण ५०० मिलीग्रॅमच्या जागी ६५० गेलं तर दुकानदार ऐकून घेणार नाही. बोलीचा हिशेब मात्र त्याच्याकडं देऊ नका. बेरीज-वजाबाकी साध्या प्रोग्रॅमनं करावी, ती दरवेळी सारखीच येते आणि पोरानं 'मलाच का' विचारलं तर दाखवता येते.

गाड्यांवर घालायच्या आधी जुन्या दिवसांवर चालवून बघा. बिलांवर वेळ असतेच. एखादा सोमवार, एखादा पावसाचा दिवस आणि एखादा महिनाअखेरचा दिवस काढा, ऑर्डरी त्याच वेळेला प्रोग्रॅममध्ये सोडा आणि बघा कुठली गाडी कुठं गेली असती. पायथनमधलं मेसा अशा नकली दिवसांसाठी सोयीचं आहे. एकूण किलोमीटर बघून खूश होऊ नका. सगळ्यात उशिरा पोचलेलं दुकान किती उशिरा पोचलं ते बघा, आणि सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी काम झालेल्या पोरातला फरक बघा. किलोमीटर कमी होऊन हे दोन वाढले असतील तर दंडाचे आणि भाराचे आकडे पुन्हा लावा. मग प्रत्यक्षात आधी दोनच बाईक बोलीवर घ्या, बाकीच्या जुन्या पद्धतीनं.

वर्षातले ठरावीक दिवस बोली बंदच ठेवायची. गणपती विसर्जनाला हुतात्मा चौकापासून कपिलेश्वर तलावापर्यंतचा भाग दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाड्यांना मिळत नाही, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्रीही तेच. रस्ताच नसेल तर सगळ्यांच्या बोल्या सारख्याच निरर्थक. त्या दिवशी दोन बाईक शहापूरच्या अंगाला, दोन सदाशिवनगरच्या अंगाला उभ्या करायच्या, मधल्या दुकानांचा माल आदल्या संध्याकाळी भरून टाकायचा, आणि इन्सुलिनच्या जास्तीच्या पेट्या त्यांच्याच फ्रिजमध्ये ठेवून घ्यायला सांगायचं.